कुंभारीचा ढग

युवराजनं माझा ढग चोरला. हसायचं आसंल तर हसून घ्या, त्याच्या दुकानातली पोरंबी हसली हुती.

मे म्हैन्यातली गोष्ट. दुपार कलली आनि आमच्या कुंभारीच्या कॉलनीवर असा ढग आला, असा आला, की खाली काळा, वर पांडरा आनि मदी एक लांबच्या लांब वळकटी, गादी गुंडाळावी तशी. बाकीची बाया-पोरं वाळवनं काडायला पळाली. मी कंपाउंडच्या भिंतीवर चडले आनि मोबाईल धरून उबी ऱ्हायले. हात हालू दिला न्हाय. डोळ्यात माती गेली तरी डोळा मिटला न्हाय. त्यात आमची पान्याची टाकीबी आली. त्या टाकीवर माउली नावाचं एक पोरगं डांबरानं सोताचं नाव लिवायला चडलं हुतं. ‘माउ’ एवडंच लिवून झालं, मग वॉचमन आला. तवापास्नं टाकीवर ‘माउ’च हाय.

त्यो व्हिडिओ मी आमच्या ग्रुपवर टाकला. ग्रुपचं नाव ‘ढगवाले’. आमी सगळी येडी मान्सं. कुनाला क्रिकेटचं येड असतंय, आमाला वाऱ्याचं. मोबाईलवर उपग्रहाचे फोटो बगायचे, कुटं ढग जमतोय, कुटं वारं फिरतंय, दिसभर त्येच. मी शाळा सोडली तवा ह्याच ग्रुपनं मला धरून ठिवलं. शाळा म्हंजे काय, नववीत सरांनी मला डस्टर फेकून मारलं, मी परत मारलं. सरांचा नेम चुकला, माझा न्हाय चुकला. मग कुनी घेतंय व्हय परत.

तर युवराज. सोलापुरात त्याचं मोबाईलच्या कव्हरांचं दुकान, आनि हवामानाचा चॅनेल. पयलं मी त्याला युवराजदादा म्हनायचे. त्यानं ओरिजनल पाठव म्हनलं, मी पाठवला. दुसऱ्या दिवशी त्योच ढग त्याच्या चॅनेलवर. आवाज त्याचा, नाव त्याचं, आनि म्हने ‘माझ्या टेरेसवरून टिपलेलं दृश्य’. टीव्हीवाल्यांनी उचलला. कुटल्या मंडळानं शाल-नारळ दिला. त्यो फोटोबी त्यानं ग्रुपवर टाकला, आनि सगळ्यांनी अंगठे दाकवले.

मी गेले त्याच्या दुकानात. सगळ्यांसमोर इचारलं. त्यो कव्हर पुसत पुसत म्हनला, “तुज्या मोबाईलमदी आला म्हनून ढग तुजा झाला व्हय गं? ढगावर काय सातबारा असतोय?”

पोरं हसली. मी त्याच्या पुडचा स्टूल लाथेनं उडवला आनि भाईर आले. रडले न्हाय. रिक्षात बसून दातावर दात दाबले, घर येस्तोवर.

ग्रुप मातर सोडला न्हाय. सोडला असता तर त्याचं काय गेलं असतं? उलट त्याला मी लागत हुते, आनि ह्ये त्याला म्हायती हुतं. आमच्या ग्रुपची एक रीत हाय, तिला आमी साकळी म्हनतो. वादळ बंगालच्या खाडीतनं येतंय, आंध्रातनं घुसतंय आनि आमच्याकडं उगवतीकडनं येतंय. मग पयल्यांदा अक्कलकोटच्या पल्याडचे ईरप्पा अण्णा. त्यांच्याकडं वारं फिरलं की त्ये मला फोन करनार. माज्याकडं फिरलं की मी युवराजला. युवराज मोडनिंबच्या तात्याबांना. तात्याबा मेंढरंवाले, साधा फोन, माळावर असतात. त्यांना आभाळ कळतंय पन पल्याडचं आभाळ कसं दिसनार? म्हनून फोन. मेसेज चालत न्हाय, आवाजच पायजे. ॲप काय बी म्हनू दे, साकळीतल्या मान्सानं सोताच्या कानशिलावर वारं घेतल्याबिगर फोन करायचा न्हाय.

आनि युवराजची सगळी शान ह्या साकळीवर. कुंभारीत वारं फिरलं की अर्ध्या तासाच्या आत सोलापुरात पोचतंय. माजा फोन गेला की त्यो लाईव्हमदी बोट वर करून म्हननार, ‘बगा, आता येनार.’ आनि येतंय. लोकांना वाटतंय ह्याला देव सांगतोय.

मी वाट बगत बसले. पावसाळा गेला. दसरा झाला. आनि मग खाडीत त्ये उटलं.

पयलं नुसता पांडरा डाग. मग डागाला शेपूट फुटलं. मग गोल फिराय लागलं. ग्रुपमदी लगीनघर झालं. अण्णा दर तासाला फोटो टाकत हुते, खाली कानडीत कायतरी. कोन म्हनतंय वरनं जानार, कोन म्हनतंय खालनं. माजी आई राजाबाई विड्या वळते; ती सुपातनं मान वर न करता म्हनली, लोकांच्या घरात पानी शिरनार आनि तुमाला नाचायला सुचतंय. मी म्हनलं, आमी न्हाय नाचलो तरी शिरनारच हाय. पन खरं सांगते, ह्या खेपेला मी नाचत न्हवते. मी त्या गोल फिरनाऱ्या पांडऱ्याकडं बगत हुते आनि म्हनत हुते, ये. ये माज्या राजा. सरळ ये.

आलं त्या दिवशी सकाळपास्नं वारं उत्तरेचं. गार, एकसारकं. आभाळ दुदाच्या पान्यागत. आईनं सांगून ठिवलं, मागच्या पत्र्यावर दगडं ठिव, त्याच्याखाली विडीची पानं हायत. मी ठिवते म्हनलं.

युवराजचा लाईव्ह सुरू झाला. आनि मी बगितलं तर त्याच्या मागं टेरेसभर फ्लेक्स. ‘सोलापूरचा हवामान राजा’. एका कडंला त्याचं थोबाड, गॉगल लावून. आनि उरलेल्या सगळ्या फ्लेक्सवर माजा ढग. ती वळकटी, त्यो काळा, त्यो पांडरा. लोकांना दिसलं न्हाय, मला दिसलं: त्याच्या डाव्या कानामागं, खाली कोपऱ्यात, बारीक ‘माउ’.

माज्या अंगात जाळ झाला. आनि त्या जाळातबी मी आनकी एक बगितलं. फ्लेक्स बांदला हुता उत्तरेच्या वाऱ्याला. मागं बांबू, त्याच बाजूला दोऱ्या. सकाळचं वारं त्याला बांबूवर दाबत हुतं म्हनून त्यो ताट उबा हुता. वारं उगवतीला फिरलं की त्यो कडंनं घुसनार आनि दोऱ्या काय धरनार न्हायत. ढगवाल्याला ह्ये कळाय पायजे. पन त्याला भरवसा हुता, माजा फोन आला की पोरांकडनं फ्लेक्स फिरवून घेऊ.

ईरप्पा अण्णांचा फोन आला. मागं पत्रे वाजत हुते.

“बंतु गं पोरी,” म्हनले. त्यांच्या कानडीत बंतु म्हंजे आलं. “लई जोरात हाय. आत बस.”

मी आत बसले न्हाय. भिंतीवर चडले. अण्णांकडचं माज्याकडं यायला येळ असतोय, तेवड्यात युवराजचाच फोन. त्याला धीर निगत न्हवता, बगनारे वाडत हुते. लाईव्ह चालू ठिवूनच कॅमेऱ्याला पाट करून बोलत हुता.

“आलं का गं?”

“यील. तू आदी लोकांना सांग.”

“काय सांगू?”

“मागं लावलायस त्यो ढग कुनी काडला. एकच वाक्य. मग वारं फिरलं की पयला फोन तुला.”

त्यो हसला, तसाच, दुकानातल्यागत. “पूनम, नाटकं नको. तुज्याबिगर वारं येनार न्हाय व्हय? माज्याकडं ॲप हाय.”

“मग ॲपला फ्लेक्स धराय सांग,” मी म्हनलं आनि फोन ठिवला.

आनि त्यानं काय करावं? कॅमेऱ्याकडं तोंड केलं आनि म्हनला, ‘आत्ताच कुंभारीच्या आमच्या प्रतिनिधीशी बोलनं झालं, अजून तास-दीड तास हाय, निवांत ऱ्हावा, बाजारहाट करून घ्या.’ माज्या नावावर. मी बोललेच न्हाय त्ये माज्या तोंडी घातलं. ढग घेतला, आता माजा शब्दबी घेतला.

तितंच ठरलं. न्हायतर एकादवेळ मी फोन केलाबी असता. आईची आन, केला असता.

मग वारं थांबलं. उत्तरेचं एकदम मेलं. लिंबाचा पाला खाली लोंबला. कुत्री भिंतीला चिकटली. आनि उजव्या कानशिलावर, उगवतीकडनं, ओल्या मातीची एक फुंकर आली. मग दुसरी. मग सगळा लिंब उलटा झाला.

पयला फोन मी तात्याबांना लावला, युवराजला टाकून. आजवर साकळीत कुनी असं केलं न्हवतं.

“मामा, फिरलं. मेंढरं वड्याकडनं वर घ्या.”

“तू कशी गं? युवराज कुटं हाय?”

“त्यो राजा झालाय मामा. त्याला टाईम न्हाय.”

“बरं,” म्हनले तात्याबा. जास्त इचारलं न्हाय. मेंढरांना हाळी मारल्याचा आवाज आला आनि फोन बंद.

मग मी माजा लाईव्ह चालू केला. माज्या खात्यावर कोन येनार? माजी मावसबहीन आनि दोन-चार ढगवाले. मी मोबाईल टाकीकडं वळवला, सगळं आभाळ दाकवलं. वर तीच काळी वळकटी, मेच्या ढगाची थोरली बहीन. म्हनलं, मी पूनम, कुंभारीतनं बोलते. वारं फिरलंय. सोलापूरवाल्यांनो, तास-बिस कायबी न्हाय. बाजारात आसाल तर आडोशाला जावा, टेरेसवर आसाल तर खाली उतरा. मगाशी युवराजनं ज्यो निरोप सांगितला त्यो माजा न्हाय. माज्याकडची एकच गोष्ट त्याच्याकडं हाय, ती त्याच्या मागं फ्लेक्सवर बगा.

ईरप्पा अण्णांनी काय केलं म्हायती हाय? माज्या लाईव्हची लिंक उचलून युवराजच्या लाईव्हखाली टाकली. एकदा न्हाय, धा-वीसदा. बोटं दुकली आसतील म्हाताऱ्याची. लोकं हिकडं आली. भराभर. आनि मग कुनीतरी लिवलं, ‘अरे ती टाकी बगा, माउ लिवलंय, युवराजच्या फ्लेक्सवरबी माउ हाय.’ त्याच्याखाली दुसरा, ‘ह्ये त्याचं टेरेस म्हनत हुता ना?’ मग नुसतं माउ, माउ, माउ. सगळी कॉमेंट माउनं भरली.

मागनं आई वरडत हुती, पूने, पत्रा. पूने, दगडं. मला ऐकू येत हुतं. मी उतरले न्हाय. भिंतीला पाय आवळले आनि मोबाईल धरून ठिवला, मे म्हैन्यातल्यासारकाच. पाऊस आडवा आला, खडे मारल्यागत. आनि तेवड्यात कॉमेंटमदी आलं, ‘ताई, तिकडं फ्लेक्स गेला.’

त्यो मी नंतर बगितला. लई वेळा बगितला. युवराज कॅमेऱ्यात म्हनतोय, काई लोकं अफवा पसरवतायत, आनि मागं फ्लेक्स पोट फुगवतोय. मग दोऱ्या तुटल्या. सगळा फ्लेक्स त्याच्या डोसक्यावरनं गेला, डोळ्यावरचा गॉगल घेऊन गेला, मोबाईलचा स्टँड पाडला. मग नुसती फरशी दिसते आडवी, आनि युवराजचे पाय पळताना. एक चप्पल ऱ्हायली. त्याला लागलं न्हाय कुटं. लागावं असं मला वाटत न्हवतं. पळताना दिसावा एवडंच पायजे हुतं, आनि त्यो दिसला, सगळ्या सोलापूरला.

मी भिंतीवर बसून हसले. आनि हसताहसता मागं धाडकन आवाज झाला. आमचा पत्रा गेला. विडीची पानं आभाळात, पाखरांगत. आई त्यांच्यामागं पदर पसरून पळत हुती. मी उडी मारली, पन पानं काय हातात येतात व्हय. आईनं भिजल्या हातानं माज्या थोबाडात दिली. एकच. मी गप खाल्ली. तेवडी तिची हुती.

दुसऱ्या दिवशी युवराजचा फोन आला. आवाज मऊ. म्हनला, जाऊ दे, ढग तुजा हुता, बास? साकळी तुटायला नको.

“फोनवर नको,” मी म्हनलं. “जितं चोरला तितं सांग. लाईव्ह लाव.”

“लाईव्हवर न्हाय जमनार.”

“मग मी येते.”

गेले. फ्लेक्स त्याच्या बिल्डिंगीच्या मागं बाबळीला अडकला हुता, चिकलानं भरलेला. ढगाला एक चिरबी न्हवती. युवराज गॅलरीत आला. मी खालनं म्हनलं, सांगतोयस का घेऊन जाऊ? सांगितलं की हितंच ठिवते. त्यो हिकडंतिकडं बगाय लागला, शेजारची लोकं बगत हुती. मग म्हनला, “घेऊन जा.”

एवडंच बोलला. एक वाक्य त्याच्याच्यानं निगंना. मी फ्लेक्स गुंडाळला, खांद्यावर टाकला आनि रिक्षा धरली.

आता त्यो आमच्या मागच्या खोलीवर हाय, पत्र्याच्या जागी. चारी बाजूनं बांदलाय, वारं कुटनंबी येऊ दे. खाली आई विड्या वळते, माज्याशी आजूनबी मोजकंच बोलते. पयलं ती म्हनली, छापलेली बाजू आत घे, बसल्या बसल्या तुजा ढग तरी दिसंल. मी म्हनलं, न्हाय. छपाई वर.

ईरप्पा अण्णांचा फोन मला येतोय, मी तात्याबांना करते. मदी कोन न्हाय. खाडीत परत एक डाग दिसतोय म्हनतात.

युवराजनं आजून सांगितलं न्हाय. मी भिंतीवर चडले की खोलीवरच्या फ्लेक्सवर त्याचं थोबाड दिसतंय, उताणं, ऊन-पान्यात, डोळ्यावर गॉगल. टाकीवरचे कावळे तितंच येऊन बसतात, आनि त्यांचा नेम सरांसारका चुकत न्हाय.