कंपनी फिटिंग

"एक स्क्रूसुद्धा बाहेरचा ठेवला नाही, काका," मिस्त्री हात पुसत म्हणाला. "कारखान्यातून निघाली तश्शी! अशा गाड्या आता उरल्यात किती?"

बाबा कुबडी दाराला टेकवून ड्रायव्हरच्या सीटवर बसले. त्यांच्या वाढदिवसासाठी मुलीनेच त्यांची जुनी गाडी इथे गॅरेजमध्ये दिली होती. 'सगळं ओरिजिनल करा,' एवढंच तिने सांगितलं होतं.

बाबांचा डावा हात सवयीने स्टिअरिंगखाली गेला आणि तिथेच थांबला. डावा पाय गेल्यावर क्लच हाताने दाबता यावा म्हणून त्यांनी तिथे स्वतः घासून-तासून एक दांडा बसवला होता. मुलगी तेव्हा जन्मलीही नव्हती. लहानपणापासून पाहिलेला तो दांडा तिला कंपनीचाच वाटत आला होता.

"इथला दांडा कुठंय?" दाराशी उभ्या मुलीने आत वाकून घाबरून विचारलं.

"तो जुगाड? भंगारात गेला, ताई. एव्हाना वितळलाही असेल."

"बाबा, आपण दुसरा करून घेऊ."

बाबांनी वयाने कापरे झालेले हात मांडीवर ठेवले. "त्याचं माप माझ्या हातांत होतं गं. आता या हातांत काय राहिलंय?" मग ते हसले. "मिस्त्री, गाडी झाली. आता माझा पायही कंपनी फिटिंग करून द्या."

मिस्त्री पुसलेले हात पुन्हा पुसू लागला.

बाबांना कुणाच्या मदतीशिवाय जमेल अशी गाडी चालवणं ही एकच गोष्ट उरली होती. मुलीने कुबडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी तिच्याकडे न बघता किल्ली तिच्या हातावर ठेवली आणि ते पलीकडच्या सीटकडे निघाले.