कडी लावलेली पूजा

आमचे मालक राजशेखर दाराला कडी लावून लिंगपूजा करायला लागले, तवा मला वाटलं, बाईची भानगड हाय. माझं डोकं तसलंच, पहिल्यांदा वाकड्यातच शिरतंय. पण आमच्या लिंगायतांत पूजेला कडी लागत न्हाय. गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं लिंग काढायचं, डाव्या तळहातावर घ्यायचं आणि त्याच्यावर नजर लावून बसायचं. मग कुकर शिट्ट्या मारू दे न्हायतर पोरं भांडू देत. अव्वा, म्हणजे माझ्या सासूबाई गौरम्मा, तर पूजेत बसूनच भाजीत मीठ किती टाकायचं ते मला बोटानं दाखवतात.

यांची पूजा मात्र लांबतच चालली. नवी पेठेतलं आमचं कापडाचं दुकान उघडायला रोज उशीर व्हायचा. जेवताना घास हातातच राहायचा, हाक मारली की अंगावर यायचे. शेजारीण म्हणाली, तुमचे मालक लई धार्मिक झाले की. मीबी मान ताठ करून व्हय म्हणाले. आता ते आठवलं की तोंड कुटं लपवू असं होतंय.

एका सोमवारी माझं डोकं फिरलं. त्या खोलीची कडी ढिली हाय, खांदा लावला की निघते. दार उघडलं तर बाई न्हाय न् काय न्हाय. कपाळाला भस्म, डाव्या तळहातावर लिंग, आणि उजव्या हातात मोबाईल. त्यात पैसे लावून पत्त्यांचा डाव चाललेला. आवाज ऐकून अव्वाबी माझ्यामागं आल्या. आमी दोघी दारात उभ्या, तरी त्यांनी आधी डाव पुरा केला. मग वर बघितलं.

मांडीवर चुरगळलेला रुमाल होता. लिंग त्यातच बांधत होते.

"डबी कुटं हाय?" मी विचारलं.

पॉलिशला दिली म्हणाले. मग गहाण टाकली म्हणाले. एक डाव लागू दे, लगेच सोडवून आणतो म्हणाले. मी जे तोंड सोडलं ते गल्लीला ऐकू गेलं असंल. ते मोबाईलकडंच बघत राहिले.

अव्वांनी आपल्या गळ्यातली डबी पोलक्यात सारली आणि वरनं पदर घट्ट ओढून घेतला. स्वतःच्या पोरापासून.

ते यांनी बघितलं. मग माझ्याकडं बघितलं, तवा मला कळलं की माझी मूठबी मंगळसूत्रावर होती. कवा गेली, देवालाच ठाऊक. मला त्या हाताची लई लाज वाटली. पण काढला न्हाय.

यांनी मोबाईल फरशीवरनं माझ्याकडं सरकवला. "मला आवरत न्हाय, सिद्धेश्वरी. हरलो तरी न्हाय, जिंकलो तरी न्हाय. मी मागितला तरी देऊ नको."

मनाच्या डॉक्टरांकडं गेलो, तर ओळखीचं कोण भेटंल म्हणून जिना चढताना मी पदर तोंडावर घेतला. आजारी माणूस उघड्या तोंडानं पुढं चाललेला आणि लपत होते मी. डॉक्टर म्हणाले, हा आजार हाय, थोडंसंच खेळतो हे आता चालायचं न्हाय. पैशाचा व्यवहार बायकोकडं द्या, आणि खेळावंसं वाटलं की लपवू नका, सांगा. आता ते सांगतात. गिऱ्हाइकाला साडी दाखवता दाखवता जवळ येतात आणि हळूच म्हणतात, आत्ता वाटतंय. मला राग येतो, तो गिळते. दोन चहा सांगते आणि त्यांना माझ्याजवळ बसवून घेते.

पूजा आता उघड्या दारात होते, लिंग मात्र रुमालातच. डबी सोडवून आणू का विचारलं, तर नको म्हणाले, अजून माझाच मला भरवसा न्हाय.

काल तिघं पूजेला बसलो होतो. अव्वांचा पदर सरकला आणि डबी चमकली. यांची नजर तळहातावरच होती. अव्वांनी घाईघाईनं पदर सावरला, मग माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली.