साडेचार तास

‘रागाचं पाणी करावं गं बाई, रागाचा दगड करू नये,’ वेणी घालता घालता आई गुणगुणायची, आणि लेक तेव्हाही पाय आपटायची. आता ती लोकांना गाडी शिकवते. तिचे शिकाऊ लाल दिव्याला कमी, तिलाच जास्त घाबरतात.

इस्पितळात आई खाटेवर पडलेली. तोंड एकीकडे ओघळलेलं, उजवा हात परक्यासारखा. भिंतीला टेकून धाकटा भाऊ, कोपरापर्यंत बेकरीतलं पीठ.

‘सहाला निघालो तेव्हा ठणठणीत होती. दहाला येऊन बघतो तर जमिनीवर.’

‘भट्टीला जपतोस तेवढं आईला जपायचं होतंस.’

‘आणि ताई, तू? महिना झाला, उंबरा तरी चढलीस?’

‘तोंड सांभाळ.’

‘भांडण बाहेर,’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ‘मेंदूत गुठळी अडकलीय. ती विरघळवणारं विकर, म्हणजे एन्झाइम, आपल्या रक्तातच असतं, पण झोपलेलं. इंजेक्शन त्याला हलवून उठवतं. मात्र साडेचार तासांच्या आत द्यायला हवं. नंतर दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊन माणूस जाऊ शकतो. शेवटचं धड सहाला पाहिलंत ना? आता अकरा वाजले.’

‘म्हणजे औषध समोर आहे आणि तुम्ही देणार नाही?’ लेकीचा आवाज चढला. ‘हा कुठला न्याय?’

‘न्याय नाही, घड्याळ आहे. सहानंतर कुणी बोललं असेल त्यांच्याशी, तर सांगा, तिथपासून तास मोजता येतील. शेजारी? फोन?’

‘तिला कोण फोन करतंय,’ भाऊ पुटपुटला.

लेकीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. भावाचा राग, बाईंचा राग, टिकटिकणाऱ्या त्या घड्याळाचा राग. आणि सगळ्यांच्या तळाशी आपलाच, सगळ्यांत कडू. सांगितलं तर भाऊ जन्मभर ऐकवणार. न सांगितलं तर आई अशीच पडून राहणार.

‘मी केला होता,’ ती म्हणाली. ‘साडेआठला.’

भावानं मान वर केली.

‘बोलणं स्पष्ट होतं? नक्की?’ बाईंनी विचारलं. ‘काय म्हणाल्या, आठवून सांगा.’

‘बीपीच्या गोळ्या तिनं परस्पर बंद केल्या होत्या. मी म्हटलं, मर मग. मेलीस तरी मला बोलावू नकोस.’ मग ती आईकडे बघत म्हणाली, ‘ती म्हणाली, “बरं. पण डोक्यात राख घालून गाडीत बसू नकोस.” एकेक शब्द स्वच्छ होता, डॉक्टर.’