बिशप बारदेस्करांची कबुली

बिशप पास्काल बारदेस्करांच्या कारकिर्दीत चार शाळा, एक दवाखाना आणि अकरा चर्चेस उभी राहिली, असं निरोपाच्या पत्रिकेत छापलं होतं. एका फादरची तीनदा बदली झाली, हे छापलं नव्हतं. दर बदलीआधी मुलींच्या तक्रारी आल्या होत्या. तिसरी बदली बिशपांच्याच सहीनं मुलींच्या वसतिगृहावर झाली. तिथल्या चौदा वर्षांच्या श्रीलक्ष्मीनं विहीर जवळ केली. फादर पुढं म्हातारे होऊन वारले. अंत्ययात्रेला बँड होता.

बिशपांना पंच्याहत्तर पूर्ण झाली, नियमाप्रमाणे त्यांनी राजीनामा दिला, तो मंजूरही झाला. निरोपाच्या मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेच्या, आदल्या दिवशी ते उणकलला श्रीलक्ष्मीच्या आईकडे, पार्वतीबाईंकडे गेले.

"उद्या सगळ्यांसमोर तिचं नाव घेऊन सांगतो. सही माझी होती म्हणून."

"आणि पोलिसांत?"

"तिथंही जातो. आधी माझ्या माणसांत."

"बावीस वर्षं काय करत होता, फादर?" त्यांना बिशप म्हणायची सवय लागली नव्हती.

"शाळा बांधत होतो."

"उद्या येते मी चर्चमध्ये," पार्वतीबाई म्हणाल्या.

चर्च भरलं होतं. त्या पहिल्या बाकावर बसल्या. बिशप माईकपाशी आले, कागद नव्हता. "बंधुभगिनींनो, मी तुमच्याजवळ कबूल करतो की—"

मिस्सेच्या आरंभी सगळे मिळून पापांची कबुली म्हणतात, ती याच शब्दांनी सुरू होते. आठशे माणसं एका आवाजात सुरू झाली. बिशप "थांबा, थांबा" म्हणत होते. ओठ हलताना पाहून लोकांना वाटलं, तेही म्हणतायत. मुठी छातीवर पडल्या. माझा अपराध, माझा अपराध, माझा मोठा अपराध. आमेन झालं तसा पेटीवाल्यानं सूर धरला.

बिशपांनी पार्वतीबाईंकडे एकदा पाहिलं आणि ग्रंथाचं पुढचं पान उलटलं.

नंतर हारांची रांग लागली. "काय विनम्रता हो स्वामी, पहिल्याच वाक्याला डोळे भरले की!" असं बरेच जण म्हणाले. पार्वतीबाई रांगेतूनच आल्या.

"नाव राहिलं."

"लोकांनी मध्येच..."

"ऐकलं की. सगळ्यांनीच अपराध केलाय म्हणे. एवढे होते, मला ठाऊक नव्हतं."

"पुढच्या रविवारी मी नक्की..."

"अक्का, जरा बाजूला सरा की," फोटोग्राफर म्हणाला. "शालीचा फोटो राहिलाय."

पार्वतीबाई सरल्या. बिशपांनी शालीसाठी मान वाकवली.