दार-ए-सलामला न गेलेले ड्रम

१९१४ च्या उन्हाळ्यात युरोपातले राजे लढाईच्या उंबरठ्यावरून मागं फिरले आणि मोठं युद्ध कधी झालंच नाही. युद्ध नाही, म्हणून साम्राज्यं थकली नाहीत. आपला देश सुटायला १९७४ उजाडलं. आफ्रिकेतल्या दार-ए-सलामच्या बंदरावर तर यंदाच्या चैत्रापर्यंत जर्मन झेंडा होता. तो उतरला त्याला दौंडजवळच्या आमच्या कुरकुंभचाही थोडा हातभार लागला. मी तिथल्याच एका रसायनांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचे, म्हणून सांगते.

मांडवगण फराट्याची अनुपमा आमच्या लॅबमध्ये केमिस्ट होती. तिच्या सहीशिवाय माल गेटबाहेर जात नसे. दोन वर्षांपूर्वीच्या एका मंगळवारी पहिल्या शिफ्टला माझ्या स्टोअरमध्ये एकशे साठ ड्रम तयार होते. लेबल कीटकनाशकाचं, पत्ता दार-ए-सलामचा. अनुपमानं नमुना दोनदा तपासला आणि माझ्याकडं आली. डोळे लालबुंद, पाणी खळत नव्हतं.

"हे कीटकनाशक न्हाई," ती म्हणाली. "अश्रुधुराची पावडर हाय."

तिकडं बंदर कामगारांचा संप चालला होता, रोज मोर्चे निघत होते. टीव्हीवर आम्ही बघतच होतो. माल कुणावर पडणार हे सांगायची गरज नव्हती.

ती मॅनेजरकडं गेली. ते म्हणाले, "मॅडम, माल बनवायचं काम आपलं. कुठं वापरायचा ते घेणारा बघेल. चारपर्यंत सही नाहीतर राजीनामा."

तिनं माझ्यासमोरच वडलांना, दगडोबांना, स्पीकरवर फोन लावला. त्यांना मी ओळखत होते. १९७३ साली दौंड स्टेशनात इंग्रजांची गाडी अडवायला ते रुळावर बसले होते. तेव्हा धुराचं नळकांडं तोंडावर आदळून त्यांचा डावा डोळा गेला.

"आबा, सही न्हाई केली तर नोकरी जाईल माझी."

 पलीकडून आवाज आला, "आनू, आमच्यावर ती नळकांडी पडली, त्याच्याबी कागदावर कुणीतरी सही केलीच आसंल. माझा डोळा गेला ते त्याला कवा कळलंबी न्हाई. तुला आदुगर कळलंय. आता तुझं तू ठरव."

तिनं राजीनामा लिहिला नाही आणि सहीही केली नाही. सरळ ट्रक भरायच्या फलाटावर गेली आणि हमालांच्या मुकादमाला, मल्हारीला, सगळं सांगितलं. मल्हारीची निम्मी माणसं बिहारची. तो ट्रकच्या फळीवर चढून ओरडला, "भाई लोग, ये दवाई नहीं है! ये उधर के मजदूरों पे छोड़ने का है!"

एक म्हातारा बिहारी हातमोजे काढून खाली बसला. त्याच्या मागोमाग सगळे.

अनुपमाला त्याच दिवशी काढलं. दुसऱ्या केमिस्टनं सही केली, पण ड्रम उचलायला हात मिळेनात. बाहेरून जीप भरून माणसं आणली. मल्हारीनं गेटवरच त्यांना गाठलं, तीही माघारी गेली. स्टोअरची किल्ली मागायला मॅनेजर स्वतः आले. "देत नाही," मी म्हटलं. आणि किल्ली कमरेला खोचली. दहाव्या दिवशी अनुपमाच्या तक्रारीवरून सरकारी तपासणी आली, खोट्या लेबलाचा माल जप्त झाला.

अनुपमा आठ महिने घरी होती. आता तळेगाव ढमढेऱ्याला माती परीक्षणाची लॅब चालवते.

यंदा चैत्रात दार-ए-सलामचा देश, टांगानिका, स्वतंत्र झाला. आणि जूनमध्ये तिथल्या बंदर कामगारांच्या संघटनेची एक बाई थेट कुरकुंभला आली, आम्हाला भेटायला. गावच्या पटांगणात खुर्च्या मांडल्या. दगडोबा फेटा बांधून मांडवगणहून आले होते. बाई आमच्यासाठी इंग्रजीत बोलत होती, अनुपमा मराठीत सांगत होती.

"तुम्ही एकटे नव्हता," बाई म्हणाली. "आमच्यावर टाकायचा माल अडवणारी जगात चौदा ठिकाणं होती. आमच्या मुलांच्या पुस्तकात ती नावं छापली आहेत."

ती एकेक नाव वाचू लागली. कुठलं ब्राझीलचं, कुठलं तुर्कस्तानचं बंदर. नववं नाव तिनं थांबून, जीभ सावरून उच्चारलं, "कुरकुंभ."

 आधी दगडोबा उठून उभे राहिले, फेटा नीट केला. मग मल्हारी, मग त्याची बिहारी माणसं, मग सगळं पटांगण. अनुपमा पुढचं भाषांतर करायची थांबली होती. ती मान ताठ करून आमच्याकडं बघत होती.