पारड्यातला दगड

मित्रांनो, मी एक जुना तराजू आहे. पितळेची दोन पारडी, लोखंडी दांडी आणि मधोमध काटा, एवढाच माझा संसार. हल्ली दुकानांत आकडे लुकलुकणारी यंत्रं असतात, त्यामुळे तुमच्यापैकी पुष्कळांनी मला नुसतं चित्रात पाहिलं असेल. असू दे. म्हातारपणी रुसून सांगायचं कुणाला?

ज्या कारागिरानं मला घडवलं, तो मोठा तिरसट गडी. माझी दांडी घासायची, तोलून पाहायची, पुन्हा घासायची. त्याची बायको वैतागून म्हणाली, "अहो, केसभर फरकानं काय बिघडतंय? जेवण गार झालं." तो म्हणाला, "जेवण गार झालं तर मी एकटा गार जेवीन. हा चुकला तर गावभर चुकत राहील." कुणाची भीड धरायची आपल्याला सोय नाही, हे मला त्याच दिवशी कळलं.

पुढं मी मावशीच्या दुकानात आलो. ही कुणा एकाची मावशी नव्हे, अख्ख्या गल्लीची. सुटं तेल आणि मध विकायची. गिऱ्हाईक घरून आपली बरणी आणायचं. आता बरणीचे पैसे मधाच्या भावानं कोण देईल? म्हणून मावशी आधी रिकामी बरणी एका पारड्यात ठेवायची आणि दुसऱ्या पारड्यात गुळगुळीत दगड टाकत टाकत काटा मध्यावर आणायची. याला धडा करणं म्हणतात. मग त्या दगडांशेजारी वजन ठेवायचं आणि बरणीत मध ओतायचा. दगडांनी बरणी फिटली, वजनाइतका मध मिळाला. मावशीचा हात इतका सराईत, की गप्पा मारता मारताच धडा होऊन जायचा. ती कुणाला समजावत बसायची नाही, कारण सगळ्यांना ते ठाऊकच होतं.

मग आजूबाजूला उंच इमारती उठल्या, लोक पाकिटातलं तेल आणि बाटलीतला मध घेऊ लागले. आमच्यावर माशा मारायची पाळी आली. तेव्हा मावशीच्या लेकीनं मोबाइल उचलला. बरणीत उतरणारी मधाची धार, हळूहळू खाली येणारं माझं पारडं, असं सगळं टिपून तिनं ते लोकांपुढं टाकलं. आणि काय सांगू! लांबलांबून माणसं आली. माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढू लागली. "किती गोड तराजू!" अहो, गोड तो मध, मी कसला गोड? पण खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या. मावशी लेकीला म्हणाली, "तुझ्या त्या डबड्याला मी उगाच नावं ठेवत होते गं. पोटाला लावलं त्यानं आपल्याला." त्यामुळे समाजमाध्यमांना कुणी सरसकट शिव्या घातल्या, तर ते मला पटत नाही.

एके सकाळी शिवणकाकू बरणी घेऊन आली. समोरच्या खोलीत कपडे शिवणारी ही बाई मावशीची जुनी मैत्रीण. एकीच्या घरी दुखलं-खुपलं की दुसरी आधी धावायची. तिच्या बरणीचा धडा झाला, मावशीनं वजन ठेवलं, मधाचं भांडं उचललं, आणि तेवढ्यात एक चष्मेवाला तरुण आत शिरला. गल्लीत नवाच राहायला आलेला. तराजूचा व्हिडिओ काढावा म्हणून त्यानं मोबाइल समोर धरला आणि त्याला दिसला वजनाशेजारचा दगड. रिकामी बरणी तोलली तेव्हा हा तरुण तिथं नव्हता. "मावशी, हा दगड कसला?" एवढं विचारलं असतं तरी काम भागलं असतं. त्यानं विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत आमचा दगड घराघरांत पोचला. वर लिहिलं होतं, "मापात पाप! पारड्यात दगड टाकून मध विकणारी मावशी."

मित्रांनो, जरा डोकं चालवा. दगड वजनाच्या बाजूला होता. बरणीचा हिशेब नसता, तर त्या दगडानं उलट मावशीचाच मध जास्त गेला असता! गणित अगदी साधं आहे, पण त्यासाठी घटकाभर थांबावं लागतं, आणि रागावलेल्या माणसाला थांबवणार कोण? जो कधी आमची पायरी चढला नाही, त्यानं लिहिलं, "मीही इथं फसलोय." दुसऱ्यानं लिहिलं, "उभी करा हिला भर चौकात." उचलली जीभ, लावली टाळ्याला. जाता-येता लोक उंबऱ्यावर खडे टाकून हसायचे. मावशी केरसुणीनं ते गोळा करायची. मी टांगलेला, काटा बरोबर मध्यावर. ओरडून सांगावंसं फार वाटायचं, पण मला फक्त झुकता येतं.

लेकीनं धडा कसा करतात ते मोबाइलसमोर करून दाखवलं. बोलता बोलता तिला रडू फुटलं. लोक म्हणाले, नाटकं. मग तिनं त्या तरुणाला शोधून दुकानात आणलं. मावशीनं त्याच्यादेखत रिकामी बरणी ठेवली, दगड टाकले, काटा मध्यावर आणला. त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"मावशी, चुकलो मी. आत्ताच्या आत्ता तो व्हिडिओ काढून टाकतो."

त्यानं काढला. माफीही मागितली. मग मोबाइल चाळत तो हळूच म्हणाला, "पण लोकांनी आपापल्याकडे उतरवून घेतलाय. तिथून मी कसा काढू?" वजनमापं तपासणारे साहेब आले, त्यांनी मला उलटसुलट तोलून बिनचूक ठरवलं, शिक्काही दिला. लगेच कुणीतरी लिहिलं, "साहेबांना मध चाटवला असणार." बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही म्हणतात, आणि इथं तर तोंडं दिसतही नव्हती.

तरी मावशी लेकीला म्हणायची, "कर नाही त्याला डर कशाला? बाहेरचे बोलू देत. गल्ली ओळखते मला."

मग पुष्कळ दिवसांनी शिवणकाकू आली. मावशीला कोण आनंद झाला! तिनं बरणी घेतली, पारड्यात ठेवली. दगडांच्या डब्याकडे हात जातोय, तोच काकू खाली बघत म्हणाली, "एक विचारू? रागावू नकोस हं. जावई सारखा म्हणतोय म्हणून... कधी अडीनडीला, एखाद्या वेळी तरी, तोलताना मारली होतीस का गं तू दांडी?"

मावशीचा हात तिथंच राहिला.

"तुझीच बरणी होती गं ती," ती म्हणाली. "तू इथंच उभी होतीस. धडा तुझ्यासमोर केला मी."

"होते ना. पण एवढे लोक म्हणतात, तेव्हा वाटतं, माझंच लक्ष नव्हतं की काय."

मावशीनं बरणी माझ्या पारड्यातून उचलली. न तोलता, काठोकाठ मधानं भरली आणि काकूच्या हातात दिली.

"अगं, तोल तरी! पैसे किती?"

"ने तू. मला आता तोलायचं नाही."

मी शेजारीच होतो. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. त्या दिवसानंतर दुकान उघडलं नाही. मी अजून आतच टांगलेला आहे. पारड्यांवर धूळ बसली आहे, पण दोन्हीकडे सारखी, म्हणून काटा अजून मध्यावर आहे. त्याचा आता कुणाला उपयोग नाही.

मित्रांनो, तुमच्या हातातल्या त्या मोबाइलनं समाजाचं भलं जास्त होतं की वाटोळं, असं मला विचाराल, तर मला सांगता येणार नाही. त्यानं भरलेलं दुकान मी पाहिलं आणि त्यानंच ओस पाडलेलंही पाहिलं. पण मैत्रिणीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलंही तिला खरं वाटेना, ते कोणत्या वजनानं तोलू? एवढंच सांगतो. कुणाबद्दल काही आलं, की ते पुढं पाठवायच्या आधी एकदा त्या माणसाच्या दारात जा आणि त्याला विचारा. आमची मावशी त्या सगळ्या दिवसांत रोज दुकान उघडून बसत होती, कुणीतरी विचारायला येईल म्हणून.