आठ बाय चार

शेवटची वीतभर उरली असताना कापलेला भाग स्वतःच्या वजनाने झुकला, कटरचं पातं अडकलं आणि कर्रकन टवका निघाला. जावयाने मशीन बंद केलं. कपाटाच्या दाराची दर्शनी कड जिथे येणार, नेमका तिथेच प्लाय उचकटला होता.

“काय झालं?” सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

“काही नाही. पातं बोथट झालंय.”

“कालच नवं घातलंत ना?”

त्याने टवका अंगठ्याने दाबून पाहिला. बसला नाही.

फर्निचरचा कारखाना बंद पडला, तेव्हा तो आणि बायको तिच्या आईकडे राहायला आले. पहिलं काम मिळालं ते दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या कपाटांचं. ते नीट उतरलं तर त्यांच्या बहिणीच्या घराचं काम मिळणार होतं. फसलं तर दूर गावच्या कारखान्याला ‘येतो’ म्हणून कळवायचं, आणि बायकोची नोकरी तर इथली. म्हणून त्याने बाहेरच्या खोलीत एक टेबल बांधलं. वर प्लाय कापायचा, बाजूच्या खाचेत दार उभं धरून बिजागऱ्या ठोकायच्या, खाली हत्यारं. संध्याकाळी पाय मुडपून सगळं सोफ्यामागे. भुसा तो स्वतः पुसून घ्यायचा. घरात सुतार राहतो याचा मागमूस नको.

टेबल सहा फुटी होतं. पलीकडे सासूबाईंचं काचेचं कपाट. आठ फुटी प्लाय तिरका टाकावा लागे, एक कोपरा अधांतरी.

सासूबाईंनी टेबलाला एक फेरी मारली. आयुष्य त्यांनी वॉर्डात नर्स म्हणून काढलेलं. दुखतं कुठे आणि माणूस बोट ठेवतो कुठे, हे त्यांना सांगावं लागत नसे.

“हा कोपरा असा हवेत का?”

“जागा तेवढीच आहे, आई.”

“तेवढीच का आहे?”

त्याची नजर कपाटाकडे गेली आणि लगेच परत आली. पण त्यांनी ती पकडली होती.

“मी टेबल आणखी आखूड करतो,” तो घाईने म्हणाला. “गच्चीवर नेतो.”

“आखूड? प्लायवाले तुमच्यासाठी आखूड प्लाय काढणार आहेत का? जावईबापू, पेशंट उंच असला तर खाट लांब आणतात. त्याचे पाय कापत नाहीत.”

त्याला नको असताना हसू आलं. तोवर त्यांनी कपाट उघडून कपबशा बाहेर काढायला सुरुवात केली होती.

“राहू द्या ना, आई.”

“या कपांनी आजवर कुणाला चहा पाजलाय? नुसते बसून खातायत.”

बोलून त्या थबकल्या. तो टेबलावरचा भुसा झटकू लागला, नसलेलासुद्धा.

“तुम्हाला नाही म्हटलं हो,” त्या म्हणाल्या. “आता बघत काय राहिलात? धरा हे.”

कपाटाच्या पायांखाली जुनी चादर सरकवून दोघांनी ते आतल्या खोलीत ओढत नेलं. बाहेर फरशीवर एक चौकोन उरला, बाकीच्या फरशीहून उजळ.

दुपारभर खपून त्याने टेबलाला दोन फुटांची जोड दिली. जोड पक्की हवी, म्हणजे पाय मुडपता येणार नव्हते. शेवटचा स्क्रू आवळण्याआधी तो जरासा थांबला, मग आवळला. उचकटलेला प्लाय आतल्या फळ्यांसाठी ठेवला आणि नवा टेबलावर सरळ आडवा टाकला. कटर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. कापलेला भाग जागचा हलला नाही. त्याने कडेवरून बोट फिरवलं; कुठे अडलं नाही.

टेबल मात्र किंचित डुलत होतं. ते भिंतीला जखडायला हवं होतं. या घरात त्याने अजून एक खिळाही ठोकला नव्हता. सदरा तो दाराच्या कडीला अडकवायचा. त्याने स्वयंपाकघराच्या दिशेने तोंड उघडलं, मग मिटलं. पेन्सिलीने खूण केली आणि ड्रिल लावलं. विटेची लाल पूड फरशीवर सांडली.

ड्रिल थांबल्यावर आतून आवाज आला, “सरळ आहे ना?”

“सरळ आहे,” तो म्हणाला, आणि दुसऱ्या भोकाची खूण करू लागला.